सुगंधाबाईच्या घरून गेलेली वायर

सुगंधाबाई सुपात तांदूळ निवडत होती, तेवढ्यात दार वाजलं. दारात व्हिडिओवाला सादिक होता, मागं शेजारची कांता. सावली गावातल्या त्या गल्लीत वीज फक्त सुगंधाबाईकडे, म्हणून रात्रीच्या पिक्चरसाठी वायर तिच्याच घरून नेली होती.

"वायर काढाले आलो, मावशी," सादिक म्हणाला.

"तू काऊन नाई आली वो?" कांतानं विचारलं. "हासून हासून पोट दुखलं! बाप मागच्या काळात जाते अन् मेलेल्या पोराले वाचवते. विहिरीतून काढलं त गाडीखाली येते. गाडीपासून वाचवलं त डोक्यावर नारळ पडते!"

"गल्लीतला बापूराव म्हने, याच्यापेक्षा विहीर बरी होती," सादिक हसला.

"तुले बी मागं जाता आलं असतं, त तुया गौतम तलावातून निघून सागवानाच्या ओंडक्याखाली चेंदला असता. सारी गल्ली हेच म्हनून हासली."

मागच्या पोळ्याला बैल धुताना सुगंधाबाईचा मुलगा गौतम तलावात बुडाला होता. सादिक खाली मान घालून वायर गुंडाळू लागला. कांता अजून हसतच होती.

सुगंधाबाईनं सूप खाली ठेवलं. "सादिकभाऊ, बाप त्या पोराले विहिरीतून काढते, तेवढं मले दाखव. त्याच्या पुढचं नको. तिथीच मशीन बंद कर."