लोटाभर ताक

आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत उन्हाळ्यात कुणीतरी कुरडयांसाठी गहू भिजत घालतं, आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात तो आंबूस वास पसरला की मी अजूनही नाक दाबून जिना चढतो. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा होता आणि सासुरवाडी धरणाच्या काठावर. दुपारी म्हशी पाण्यात डुंबत होत्या, सासरे ओसरीवर सुपारी कातरत होते, बाकी सगळं चिडीचूप. मी पोहून तहानलेला आलो, तर ओट्यावर पातेलंभर पांढुरकं, फेसाळ ताक! लोटा बुडवला आणि एका दमात घशाखाली उतरवला. अहाहा! ओल्या मोज्यात कोंडून नासवलेली कणीक कधी प्यायलात? जिभेवर बुळबुळीत साय, दातांत गव्हाची फुगलेली सालं. डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकणार कुठे? समोर सासरे! "कसं हाय ताक, पाव्हणं?" नव्या जावयाने तोंड वाकडं करायची सोय नसते. मी म्हणालो, "एक नंबर! आमच्या आईच्या हातचं अगदी असंच असतं." तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. "ताक कुठलं? भिजल्या गव्हाचं पाणी हाय ते, म्हशीसाठी काढलेलं!" मेहुणी खांबाआडून खिदळली, "दाजी, अजून एक लोटा?" सासूबाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या आईच्या विचाराने त्या मनापासून हळहळल्या. तेव्हापासून आजतागायत सासरहून निघताना आईसाठी ताकाची भरलेली बरणी गाडीत येते, आणि आई दर वेळी विचारते, "अरे, मलाच का?"