पटक्याचे माप

नीरा नदी ओलांडून मेंढरे घरी आणताना आमचे तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, बुडाले. वैशाख होता. बावड्याजवळच्या उतारावर एरवी त्या दिवसांत पाणी गुडघाभर असते. नदी पार करायची असली की आधी मेंढका उतरतो, पायाने तळ चाचपतो आणि मग कळपाला हाक देतो. तात्या तसेच उतरले. खांद्यावर चार दिवसांचे कोकरू होते. हा उतार त्यांना लहानपणापासून पाठ होता, आणि चूक तिथेच झाली. दिवाळीनंतर ते कळप घेऊन बाहेर पडले होते. ते परत येईपर्यंत सक्शन बोटींनी उतारातली वाळू उपसून नेली होती. वरून पाणी सपाट दिसत होते.

मागे त्यांचा सोबती होता. तो म्हणाला, "मी म्हणलं, तात्या, काठी टेकवा. तर म्हणतात, गड्या, घरच्या उंबऱ्यात कुणी काठी टेकवून शिरतं का."

पुढची काही मेंढरेही त्यांच्यामागून खड्ड्यात गेली.

मी बारामतीत एका दैनिकाचा वार्ताहर आहे. त्या हिवाळ्यात वाळूच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या मी दिल्या होत्या. बोटी कुठे चालतात हे मला माहीत होते. आठवड्यातून एकदा तात्यांचा फोन यायचा. आम्ही चाऱ्याबद्दल, मेंढरांबद्दल बोलायचो. बोटींचे मी कधी सांगितले नाही. ते घरी सांगण्यासारखे आहे, असे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या सापडले. काठावर पंचनामा झाला. पोलीस कर्मचाऱ्याने लिहिले, पाण्याच्या खोलीचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू. हे वाक्य मी स्वतः अनेकदा लिहिले आहे. चुलतीला वाचता येत नाही. तिने ते मोठ्याने वाचायला लावले.

"त्यास्नी अंदाज न्हाय?" ती म्हणाली. "डोळं झाकून पार व्हायचे ते. खड्डा लिवा, सायेब. वाळूवाल्यांनी खड्डा पाडला, त्यात माणूस गेलं, असं लिवा."

"खड्डा दिसत नाही, आजी. दिसतं तेवढंच लिहिता येतं."

विहिरीला पाणी किती हे मेंढके डोक्याच्या पटक्याला धोंडा बांधून बघतात. चुलतीने तात्यांचा ओला पटका घेतला, टोकाला धोंडा बांधला. सोबत्याने तिचा दंड धरून तिला पाण्यात नेले आणि खड्ड्याची कड दाखवली. तिने धोंडा सोडला. शेवटची वीत हातात राहीपर्यंत पटका पाण्यात गेला. धोंडा टेकला नाही.

"आता दिसलं?"

"पटक्याचं माप चालत नाही," कर्मचारी म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. सही झाल्याशिवाय तात्यांना पुढे नेता येणार नव्हते. नातेवाईक म्हणून मी सही केली.

बातमीत मी उतार, बोटी, खड्डा, सगळे लिहून पाठवले. छापून चार ओळी आल्या, पंचनाम्यातल्या. पुरावा नाही, असे डेस्कवरून सांगण्यात आले. त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

चुलतीने पेपर वाचून दाखवायला सांगितला. मी चार ओळी वाचल्या आणि न थांबता, न छापलेली बातमी पुढे म्हणत गेलो. पटक्यापर्यंत.

"खड्डा आला न्हवं?"

"आला."

तिने तेवढा तुकडा कापून ठेवला.

दहाव्याला कळसहून तिचे चुलत दीर आले. शाळेतून निवृत्त झालेले. तिने कात्रण त्यांच्या हातात दिले. "भावजी, खड्ड्याचं कुठं हाय, तेवढं वाचा."

त्यांनी चष्मा लावला. चार ओळींना लागतो त्याहून बराच जास्त वेळ ते कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"हाय, वहिनी," ते म्हणाले. "समदं हाय."

चुलतीने कात्रण परत घेतले आणि दारातून आत येणाऱ्या पुढच्या माणसाकडे धरले.