बीमवरचं वजन

"बाबा, ताण सतत राहिला ना, की धागा तुटतो," मुलगी म्हणाली तेव्हा मी भाकरीवर शेंगदाण्याची चटणी पसरत होतो. मान वर न करता मी म्हणालो, "मग बीमवरचं वजन कमी करायला सांग."

ती माझ्याकडे बघतच राहिली. बायको हसता हसता उलथनं हातातच घेऊन ओट्याला टेकली.

माझा दोष नाही. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्याकडे ताण म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचा. ते धागे ज्या बीमवर गुंडाळलेले असतात, त्याला मागून वजन टांगतात. वजन जास्त झालं की धागे तटातट तुटतात. मग वजन उतरवायचं, तुटलेल्याला गाठ मारायची, माग चालू. एवढ्या विद्येवर माझा संसार उभा आहे.

मुलगी बोलत होती ती पेशीतल्या डीएनएबद्दल. एमएस्सी झालेली. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत पीएचडीच्या मुलाखतीला बोलावणं आलं होतं, आणि तिथं काम चालतं ते नेमकं हेच: माणूस काळजीत असला की शरीरात जी संप्रेरकं सुटतात, ती डीएनएचं काय करतात.

"घाबरलो की अ‍ॅड्रेनलिन सुटतं," ती समजावू लागली. "ते चांगलंच असतं, पळायला बळ देतं. धोका टळला की उतरतं. पण रोज उठून सुटतच राहिलं, तर डीएनएला इजा होते. आणि दुरुस्तीवर लक्ष ठेवणारं एक प्रथिन असतं, तेच कमी पडायला लागतं."

"म्हणजे धागाही तुटतो आणि गाठ मारणाराही रजेवर."

"अगदी बरोबर!" तिला भलताच आनंद झाला. "पण हे बशीत वाढवलेल्या पेशींत दिसलंय, उंदरांत दिसलंय. माणसात किती आणि कसं, ते अजून नीट कळलेलं नाही. म्हणून तर मला जायचंय." मग आवाज खाली आला. "जायचं होतं."

"होतं म्हणजे?"

"तुम्हाला झेपायचं नाही, बाबा. मी सात रस्त्याला क्लासला जायचे, तर तुम्ही तिथल्या वॉचमनला फोन करायचात. तो मला 'वडलांना कळवा' म्हणून हाक मारायचा. हैदराबादला चार-पाच वर्षं राहिले तर तुमच्या पेशींत काय शिल्लक राहील? मी तिथं काळजीवर अभ्यास करणार आणि इथं तुम्ही नमुना म्हणून तयार होणार."

बायको माळशिरसकडची. तिनं तवा उतरवला आणि सरळ निकाल दिला, "आवो, तुमच्या काळजीपायी पोरीची वाट अडली की!"

मग मुलीनंच अट घातली. मुलाखत होईपर्यंत माझा एक फोन नाही, एक मेसेज नाही. पोचल्याचं ती आईला कळवणार, मला नाही. कारण मला पोचल्याचं कळलं की मी लगेच 'जेवलीस का'वर येतो आणि तिथून 'दाराला कडी लावलीस का'वर. एवढं जमलं तर ती जाणार. नाही जमलं तर इथंच कुठल्या तरी कॉलेजवर शिकवणार.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारच्या बसनं ती गेली. रात्री बायको नुसतं "पोचली" म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

मुलाखतीच्या दिवशी माझी गंमत अशी झाली, की आधी मी नुसती काळजी करायचो, आता काळजीनं आपल्या आत काय काय तुटत असेल याचीही करायला लागलो. छातीत धडधडलं की वाटायचं, गेले दोन-चार धागे. ते वाटलं की आणखी धडधडायचं. मागांमधून येरझाऱ्या घालत होतो. चालू माग बंद करून बघितला, परत चालू केला. आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, मान हलवत म्हणाला, "सायेब, परीक्षा पोरीची हाय का तुमची? तुमी जरा भायेर जा की. मागाला बी भ्या वाटाया लागलंय."

बाहेर गेलो. गाडी काढून सात रस्त्यापर्यंत गेलो, कशाला आलो ते आठवेना, तसाच परतलो. गेटपाशी उभा राहून फोन काढला. मुलीचं नाव उघडलं. 'जेवलीस का' असं टाइप केलं. अट आठवली. पुसलं. थोड्या वेळानं 'सगळं ठीक?' टाइप केलं. पुसलं. परत टाइप केलं, परत पुसलं. मेसेज एकही गेला नाही. स्वतःचा अभिमान वाटला. बायकोला फोन करून सांगितलंसुद्धा, "बघ, जमतंय की मला."

संध्याकाळी फोन वाजला. मुलगी.

"बाबा, तुम्हाला काय झालंय?"

"मला? काही नाही. मी तर विसरूनच गेलो होतो तू गेलीयस ते."

"मग दुपारभर टायपिंग, टायपिंग काय दिसत होतं? माझा नंबर यायचा होता. टायपिंग यायचं, जायचं, मेसेज काही नाही. मला वाटलं, बाबा चक्कर येऊन पडले आणि हातात फोन आहे! आईला लावला तर एंगेज."

एंगेज होता, कारण बायको माझ्याशीच बोलत होती. मी तिला माझं जमल्याचं सांगत होतो.

मी घाईनं विचारलं, "मुलाखत बिघडली का गं?"

"पहिल्या प्रश्नाला तोंडातून आवाज फुटेना. मग म्हटलं, आत्ता माझ्यात जे सुटलंय त्याबद्दलच बोलते. बोलले." मग म्हणाली, "घेतलंय त्यांनी. पण तुम्ही अट मोडलीत का पाळलीत, तेच मला कळेना."

मलाही कळेना. बायको शेजारी येऊन उभी होती, हातात मेथीची जुडी तशीच. कालचीच. निवडायची राहिलेली.

"बाबा, खरं सांगा. मी गेले तर जमेल तुम्हाला?"

"नाही जमणार," मी म्हणालो. "तू जा."

ती काही बोलायच्या आत मी सांगायला लागलो, की टॉवेलला दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन थर असतात, एक घट्ट आणि एक मुद्दाम सैल सोडलेला, त्या सैल धाग्यांचेच बारीक लूप उठतात आणि म्हणून टॉवेल मऊ...

"बाबा, टॉवेल नको. मी घरी येते, आणि इथं यायला तयार आहे म्हणून यांना कळवून टाकते. एकच करा. टाइप केलंत की पाठवत जा. ते नुसतं टायपिंग, टायपिंग दिसत राहिलं तर माझ्या पेशींचं काही खरं नाही."