भेगेवरच्या काचा

जुन्या ग्रंथालयाचे मिस्त्री तसे थंड डोक्याचे. पण आठवड्याच्या रजेनंतर त्या सकाळी वाचनाच्या मोठ्या दालनात पाऊल टाकलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तरेच्या भिंतीवरच्या भेगेवरून त्यांच्या काचा कोणीतरी खरवडून काढल्या होत्या.

अकरा वर्षं ते ही भिंत राखत होते. भेगेवर आडवी पातळ काचपट्टी, दोन्ही टोकं चुन्यात पक्की बसवलेली, कोपऱ्यात टोच्याने कोरलेली तारीख. काच तडकली की समजायचं, भिंत सरकतेय. तडकलेली तशीच ठेवायची, शेजारी नवी लावायची. सात तडकल्या होत्या, त्यातल्या तीन गेल्या वर्षभरात. वेगळी वही कसली, सगळी नोंद भिंतीवरच. बायको म्हणायची, माझ्या तोंडाकडे एवढं बघितलं असतंत तर संसार सोन्याचा झाला असता.

हा पराक्रम संशोधकांचा. इतिहासाच्या बाई, रसायनाचे साहेब, संगणकवाली पोरं, असा सगळा गोतावळा इमारत जतन करायला आला होता. लेझरने भिंतीचा कण न् कण संगणकात घ्यायचा होता आणि काच चकाकली की मोजमाप बिघडतं, म्हणून आधी साफसफाई. पट्ट्या कचऱ्यात, कचरा चार दिवसांपूर्वीच गेलेला. एवढी शिकलेली माणसं, पण काचेवर तारीख कशाला असेल, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

प्रकल्पप्रमुखांनी पडद्यावर भिंत गरागरा फिरवून दाखवली. भेग जुनी आहे, स्थिर आहे, पुढच्या आठवड्यात दालन लोकांसाठी उघडायचं, असं ठरलं होतं. अहवालावर देखभाल करणारे म्हणून मिस्त्रींची तेवढी सही बाकी होती.

"एका दिवसाच्या फोटोवरून स्थिर आहे हे कळलं तुम्हाला?" मिस्त्रींचा आवाज चढला. "भिंत अकरा वर्षं बोलत होती. तुम्ही तिची जीभ कापलीत आणि आता म्हणताय, ती गप्प आहे."

प्रमुख म्हणाले, दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. तोवर भिंतीखाली कोण बसणार, तुमची मुलं का, असं मिस्त्रींनी विचारलं. इतिहासाच्या बाई मान खाली घालून उभ्या होत्या. पट्ट्या काढायला त्यांनीच सांगितलं होतं.

अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा, मिस्त्री म्हणाले, की सात काचा तडकल्या होत्या आणि आम्ही त्या फेकल्या. बाईंनी खरंच लिहिलं. प्रमुखांनी ते वाक्य खोडलं. मिस्त्री सही न करताच उठले, दालनाला कुलूप घातलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्या दारात आल्या. त्यांनीही अहवालावरची आपली सही काढून घेतली होती, उद्घाटन रद्द झालं होतं. आपलं चुकलं, असं त्यांनी दोनदा म्हटलं.

मिस्त्रींनी त्यांना बसाही म्हटलं नाही.

"काचा परत येणार आहेत का?" त्यांनी विचारलं आणि दार लावून घेतलं.