दिग्रस ते टोरांटो किती लांब आहे...

मागच्या मंगळवारी पहाटे आमचे अब्बा गेले. नमाजआधी वजू करायला, हातपाय-तोंड धुवायला म्हणून नळाजवळ बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर आले आणि मान हलवून गेले...

धाकटा भाऊ इमरान टोरांटोत असतो. फोन लावला तेव्हा तिकडे सोमवारची संध्याकाळ होती.

अम्मीने एकच विचारलं, "किती टाइम लागते त्याले इकडे याले?"

मी मोबाईलवर टाकलं, नागपूर ते टोरांटो. नकाशावर एक रेघ आली. बारा हजारांहून जास्त किलोमीटर, पंधराएक तास.

"मंग थांबू ना," अम्मी म्हणाली. "बर्फावर ठेवू."

पण तसं थेट विमान नाहीच. टोरांटोहून दोहा, मग मुंबई, मग नागपूर, तिथून गाडीने आमचं दिग्रस. मधे बसून राहायचे तास वेगळेच... बुधवारची संध्याकाळ होणार होती, आणि इकडे मे महिन्याचं ऊन.

आमच्यात मयत फार वेळ ठेवत नाहीत. तरी मामू म्हणाले, "पोरगा येऊन राह्यला तं थांबा." घरात दोन मतं झाली. अम्मी कोणाकडेच बघत नव्हती.

शेवटी इमरानचाच फोन आला, एअरपोर्टला जाताना. "भाईजान, माह्यासाठी अब्बाले नका थांबवू. अम्मीले फोन दे." दोघं काय बोलले माहीत नाही. फोन माझ्या हातात देत ती म्हणाली, "घेऊन जा."

दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. आम्ही माती देत होतो तेव्हा इमरान विमानात होता, फोन बंद. मी मेसेज टाकला... "झालं."

बुधवारी तो दारात आला आणि अम्मीचा बांध फुटला. "तुले बापाची मातीही नाही भेटली रे..."

तो तिच्या पायाशी बसला. म्हणाला, "अम्मी, दोह्याले उतरलो अन् भाईजानचा मेसेज पाह्यला. नमाजच्या खोलीत जाऊन रडत बसलो. एक म्हातारा जवळ आला. त्याची भाषा मले नाही समजे, माही त्याले नाही. मी नुसतं 'अब्बा' म्हटलं अन् वर हात दाखवला."

त्या माणसाने खोलीत बसलेल्या सगळ्यांना बोलावलं. कोणी सूटबूटवाला, कोणी मजूर, कोणी झाडूवाला... सगळे इमरानच्या मागे बसले, हात वर केले आणि अब्बांसाठी दुआ मागितली. एकाला विमानाची घाई होती, तोही दुआ संपेपर्यंत उठला नाही.

अम्मीने डोळे पुसले. "नाव काय होतं त्या बुढ्याचं?"

"नाही विचारलं अम्मी... तो मले कवटाळून होता, तेवढंच आठवते."

घर अजून सुनंच आहे. इमरान पुढच्या आठवड्यात परत जाईल, तेवढाच लांब. पण अब्बांना कधी न पाहिलेल्या माणसांनी माझ्या भावाला त्या घडीला एकटं सोडलं नाही. त्यांचे आभार कोणत्या पत्त्यावर पाठवू... म्हणून इथे लिहितोय.