बाटलीवरची रेघ

तात्या गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसले होते. खालच्या खोलीतल्या भाडेकरूचा फोन मी दोनदा कापला होता. मग त्याने लिहिलं, ‘तात्या गेले. सकाळी अंगणातच कोसळले.’ मी लॅपटॉप मिटला. त्या क्षणी मनात जे आलं ते सांगायची लाज वाटते, पण तेच लपवायचं असेल तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मला रडू आलं नाही. मला वाटलं, त्या बाटलीनेच त्यांना नेलं... आणि ती बाटली घरात मी आणली होती.

तात्या म्हणजे माण गावातले माझे घरमालक. मी उदगीरची. आयटी पार्कात नोकरी लागली आणि चार वर्षांपूर्वी त्यांच्या घराच्या गच्चीवरची खोली भाड्याने घेतली. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. खाचरं गेली तरी नाक शाबूत होतं. मूठभर तांदूळ तळहातावर चोळून नाकाशी धरला की आंबेमोहर यंदाचा की गेल्या सालचा, त्यात दुसरा तांदूळ मिसळलाय का, ते अचूक सांगायचे. लग्नाचा तांदूळ घेण्याआधी गावातले लोक पिशवी घेऊन त्यांच्याकडे येत, आणि तात्याही एखाद्या डॉक्टरसारखे डोळे मिटून बसत.

खोली दाखवतानाच त्यांनी मला एक अट घातली होती. “कवाबी ये, कवाबी जा. पर दारू हितं चालायची न्हाई.” कारणही त्यांनीच सांगितलं, आडपडदा न ठेवता. जमिनीचे पैसे आले तशी दारू आली. मुलीच्या साखरपुड्याला ते पाहुण्यांसमोर अंगणात पडले. दुसऱ्या दिवशी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सोडली, ती चौदा वर्षं. दारूच्या दुकानाच्या बाजूने जाणारा रस्तासुद्धा त्यांनी सोडला होता, कारण तिथे नुसते उभे दिसले असते तरी अख्ख्या गावाने ‘तात्यानं परत धरली’ म्हणून बोभाटा केला असता.

आणि अशा घरात मी पोर्ट वाइनच्या दोन बाटल्या आणल्या.

आमचा कॉलेजचा सहा जणांचा कंपू आता सहा गावांत पांगलाय. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही स्क्रीनवर जमतो. सगळ्यांच्या ग्लासात एकाच जातीची वाइन असते, आणि वास कसला, चव कसली ते ज्याने त्याने सांगायचं असतं. निवडायची पाळी फिरती. मागच्या खेपेला मी निवडलेली पिऊन सगळ्यांना खोकल्याचं औषध आठवलं होतं, आणि सहा महिने माझी यथेच्छ टिंगल झाली होती. या वेळी पाळी परत माझी होती आणि पोर्ट ठरली होती. ही गोड, दाट वाइन जेवणानंतर थोडी थोडी प्यायची. तिच्यात रुबी म्हणजे लालभडक, ताज्या फळाच्या चवीची. आणि टॉनी म्हणजे लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरून तपकिरी झालेली. कुठली घ्यायची ते मला रविवारी कळवायचं होतं, म्हणजे बाकीच्यांना शोधायला आठवडा मिळाला असता. म्हणून दोन्ही आणल्या, दोन्ही उघडल्या, आणि दोन्हींचे वास घेऊन घेऊन पार गोंधळले.

त्या रविवारी सकाळी तात्या पाण्याच्या टाकीचा कॉक बघायला वर आले. दार उघडंच होतं. ते उंबऱ्यात थांबले आणि बाटल्यांकडे बघू लागले. मीच बडबडायला लागले. आजच नेते, महिन्याअखेर खोली सोडते, वगैरे.

“दोन कशाला आनल्यात?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कॉम्प्युटरसमोर बसून सहा माणसं दारूचा वास घेतात हे ऐकून त्यांना हसू आवरेना. “म्हंजी वासाचं काम हाय म्हण की!” मग हसू मावळलं. ते आत येऊन खुर्चीवर बसले. “वत जराशी. पेनार न्हाई. वास घ्येतो.”

मी नको म्हणायला हवं होतं. चौदा वर्षं दारूपासून लांब राहिलेल्या माणसाच्या हातात मी ग्लास दिला. आधी रुबी. त्यांनी डोळे मिटले. “जांभळाचा रस. लई तरनी हाय ही, नुसती उड्या मारतीया.” मग टॉनी. या वेळी ग्लास नाकाशी बराच वेळ राहिला. ओठ काचेला टेकतात की काय असं वाटलं. खालून काकूंनी, त्यांच्या बायकोने, हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मी ग्लास काढून घ्यायला हात पुढे केला... तेवढ्यात त्यांनीच तो टेबलावर ठेवला. “जुनी गुळाची ढेप. भाजल्याल्या शेंगा. धान्याच्या कनगीत त्वांड घातल्यावर येतो तसला वास. ही घे. ही शानी हाय.”

मी टॉनी कळवली. शनिवारी सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. ‘गुळाची ढेप’ तर इतकी गाजली की पुढची पाळीही मलाच देऊन टाकली. ते नाक कुणाचं हे मी सांगितलं नाही.

अर्धी टॉनी उरली. खरं तर ती दुसऱ्याच दिवशी घराबाहेर न्यायची, पण आळस म्हणा, हावरेपणा म्हणा, मी कपाटात ठेवली. आणि मग ती घाटी डोळ्यांपुढून हलेना. टाकीसाठी माझ्या खोलीची एक किल्ली तात्यांकडे असायची. सोमवारी ऑफिसातून मी पक्क्या शाईचा मार्कर आणला आणि बाटलीवर, वाइन होती तिथे, बारीक रेघ मारली. त्यांच्याच काळजीपोटी, अशी मनाची समजूत घातली.

गुरुवारी संध्याकाळी वाइन रेघेच्या बोटभर खाली होती.

जिन्यात तात्या भेटले. “तात्या, आज वर आला होतात?”

“व्हय.” ते माझ्याकडे बघत राहिले. “आनि काय इचारायचं हाय का?”

“नाही... काही नाही.”

“इचार की.”

मी विचारलं नाही. मोबाइलमध्ये बघत वर निघून गेले. त्यांनी दारू घेतली हे मी धरूनच चालले होते. त्यानंतर चार दिवस ते वर आले नाहीत, आणि पाचव्या दिवशी तो मेसेज आला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर चार बसले होते, एकही खाली येत नव्हता. मुलीला सांभाळू, काकूंना काही कमी पडू देणार नाही, सगळं बोलून झालं. ऊन चढलं. तेव्हा चुलतभाऊ म्हणाले, “जुनी आवड हुती त्येची. पेलाभर ठिवा शेजारी, लगीच शिवंल.”

“न्हाई,” काकू म्हणाल्या.

“अवो वैनी, आता कसली शपथ? मानूस ग्येला.”

“न्हाई म्हनलं ना.”

लोकांत कुजबुज सुरू झाली. मला राहवेना. मी काकूंच्या कानाशी वाकले. “काकू, ठेवू द्या ना. त्यांनी... घेतली होती. माझ्याच बाटलीतली.”

काकूंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले.

घरी न जाता काकूंनी मला एका कंपनीच्या कुंपणाच्या भिंतीशी नेलं. तिथे गवतात शेंदूर लावलेला दगड आहे. हा त्यांच्या शेताचा म्हसोबा. शेत गेलं, देव तेवढा बांधावर होता तिथेच राहिला. दगडापुढे स्टीलचा पेला होता. तळाशी तपकिरी, चिकट डाग, आणि त्याला मुंग्या लागलेल्या.

“म्हसोबाला वरसातनं एकदा दारू लागती,” काकू म्हणाल्या. “चौदा वर्सं त्यो उपाशी. दुकानात कोन जानार? हे म्हनले, वरच्या पोरीकडं लई गुनाची हाय, आवस हाय तर दावू देवाला. सांजच्याला सांगतो म्हनले तिला. मीच पेला दिला, त्यात वतून ह्यांनी बाटली परत वर ठिवली. दोगं मिळून आलो हितं.” त्या पेल्याच्या मुंग्या झटकू लागल्या. “वरनं बाटली घिऊन उतरले तवा त्वांड एवढंसं झालं हुतं. म्हनले, रेघ मारलीया तिनं. मी म्हनलं, जाब इचारा की. तर म्हनले, तिचं काय चुकलं? माज्यावर कोन भरवसा ठिवंल...”

मी तिथेच खाली बसले आणि रडले. जिन्यात ते मला विचार म्हणाले होते, तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी विचारलं तर नाहीच, उलट त्यांच्या दहाव्याला, त्यांच्या बायकोच्या कानात, त्यांनी शपथ मोडल्याचं सांगितलं. कावळ्यावर माझा विश्वास नाही. पण त्या दिवशी तो का आला नाही, असं कुणी विचारलं तर मी खाली बघते.

खोली मी सोडली नाही, काकूंनी सोडू दिली नाही. बाटली आता त्यांच्या स्वयंपाकघरात, तेलाच्या डब्याशेजारी असते. वर्षातून एकदाचा तात्यांचा नेम काकूंनी मोडलाय. दर अमावास्येला त्या पेला काढतात, बाटली माझ्या हातात देतात आणि म्हणतात, “तूच वत.” वाइन आता तळाला गेलीय. ती रेघ मी साबणाने घासली, नेलपॉलिश काढायच्या द्रवाने पुसून बघितली. बरीचशी गेली. तिरपी धरली की अजून दिसते, आणि ओतायचं म्हणजे बाटली तिरपी धरावीच लागते.