बावीस इंचांत बसणारी शेगडी

गॅस एजन्सीच्या माणसाने शेगडीला साबणाचं पाणी लावलं आणि डाव्या बटणाच्या बुडाशी फेस फुगायला लागला. त्याने लगेच रेग्युलेटर बंद केला.

"ही आता पेटवायची नाही," तो म्हणाला. "आतून सडलीय. दुरुस्ती होणार नाही, नवीनच घ्या."

"बरं," दक्षा म्हणाली. तिच्या मागे उभी असलेली तिची आई जिजा मात्र पुढे आली आणि ते बटण चाचपून पाहू लागली.

जिजा धोडी तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत सव्वीस वर्षं स्वयंपाकीण होती. तीनशे पोरांचा भात तिने रोज शिजवला. निवृत्त झाल्यावर ती डहाणूला लेकीकडे राहायला आली. दक्षा पंचायत समितीत कारकून, जावई उमेश बोईसरला कारखान्यात. स्टेशनच्या पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. नवराबायको सकाळी बाहेर पडले की घर, चार वर्षांची नात निलम आणि शेगडी, तिन्ही जिजाच्या ताब्यात.

आणि गेल्या काही महिन्यांत जिजाची नजर जात चालली होती. मधलं तेवढं दिसायचं, बांबूच्या नळीतून बघावं तसं, तेही धुरकट. कडेचं काहीच नाही. गॅसची निळी ज्योत तर दिवसा दिसायचीच नाही. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की ओट्यापासून आपल्याला हलवतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जुनी शेगडी तिला पाठ होती. बटण दोन ठिकाणी अडायचं, आधी मोठी आच, मग बारीक. पेट घेतला की भस्स व्हायचं आणि नंतर फुरफुर चालू राहायची. वर तळवा धरला की किती तापलंय ते कळायचं. आता ती शेगडी गेली.

"काळ्या काचेची बघून ठेवलीय मोबाईलवर," दक्षा म्हणाली. "मागवून टाकते."

"नको!" जिजा एवढ्या जोरात म्हणाली की दक्षाने वळून पाहिलं. "म्हणजे, ओट्यावर बसायला नको का? सिंक आणि भिंत यांच्यात बावीस इंचच आहेत. दुकानात जाऊन बघू."

शनिवारी दोघी बाजारात गेल्या. जिजाने लेकीचा दंड धरला होता. रस्त्यात खड्डे फार, असं ती म्हणाली. पहिल्या दुकानात सगळ्या काचेच्या शेगड्या, बहुतेक तीन बर्नरच्या. बावीस इंचांत बसतील अशा दोनच निघाल्या. जिजाने त्यांची बटणं फिरवली. गोल, गुळगुळीत, कुठे अडतच नव्हती.

"ही नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

"आई, तुला नक्की काय पाहिजे ते तरी सांग!" दक्षाचा आवाज चढला. दोन दिवस घरात खानावळीचा डबा चालू होता, आणि निलमला तो तिखट लागत होता. जिजाने पुन्हा तिचा दंड धरला.

दुसऱ्या दुकानात रविना नावाची बाई माल दाखवायची. वर दोन मोठे पंखे घरघरत होते, बाहेर टेम्पोचा हॉर्न चालू होता. रविनाने एक शेगडी पुढे ओढली, नळी जोडली, बटण फिरवलं आणि लायटर टकटक वाजवला.

"हां, छान आहे," जिजा घाईने म्हणाली. "ज्योत कशी निळीशार आहे."

रविनाचा हात तसाच राहिला. तिने दक्षाकडे पाहिलं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "सिलिंडर संपलाय. पेटलीच नाही अजून."

दक्षाने शेगडीकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. जिजा अजून हसत होती, पण तिचे डोळे बर्नरच्या जरा बाजूला, भलतीकडेच लागले होते.

दक्षाने आईला रिक्षात बसवलं. मग म्हणाली, "कधीपासून?"

"दिवाळीपासून जास्त झालंय."

"आणि निलम दिवसभर तुझ्याजवळ असते."

"तिला मी ओट्याजवळ येऊ देत नाही."

"ती आलेली तुला दिसते का?"

 जिजाने पदर तोंडाला लावला. 

दक्षाने आठवड्याची रजा टाकली. शेजारणीकडून इंडक्शन आणलं आणि स्वतः स्वयंपाक करू लागली. जिजा पलंगावर बसून राहायची. मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळायची तर थेंब रोज घालायचे, एकही दिवस चुकवायचा नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आधी आला असतात तर, असंही ते म्हणाले. परतताना जिना चढताना दक्षा एकदम रडायला लागली. "मला का नाही सांगितलंस गं?"

"तू हे केलं असतंस म्हणून," जिजा म्हणाली. "मला बसवून ठेवलं असतंस."

त्या रात्री दोघी जेवल्या नाहीत. सकाळी जिजाच म्हणाली, "दक्षा, डोळे गेले ते गेले. आता हातही बसवून ठेवलेस तर तेही जातील. शेगडी मला हाताने निवडू दे. पहिल्या दिवशी तू शेजारी उभी राहा. तुला भीती वाटली तर मी पुन्हा ओट्याला हात लावणार नाही."

 दक्षाने चप्पल घातली.

या वेळी रविनाने न सांगता पंखे बंद केले आणि भरलेला सिलिंडर जोडला. जिजाने सात शेगड्या चाचपल्या. बटण दाबून फिरवायची, कान लावायची, बंद करायची. शेवटी स्टीलची एक दोन बर्नरची शेगडी तिने पुन्हा जवळ ओढली. बटणांवर उभी कड होती, बोटाला सापडणारी, आणि दोन्ही ठिकाणी बटणं खट्कन अडत होती. एकवीस इंच.

"ही जुन्या मॉडेलची आहे, मावशी," रविना म्हणाली. "कोणी घेत नाही."

"मी घेते."

रविवारी उमेश निलमला समुद्रावर घेऊन गेला. जिजाने तांदळाचं पीठ मळलं. दक्षा ओट्याखालच्या रेग्युलेटरवर एक हात ठेवून शेजारी उभी राहिली आणि तो हात तिने उचलला नाही. पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा जिजाची बोटं लोखंडापासून बोटभरच लांब होती.  भाकरी उलटली, फुगली. दुसरी झाली. जिजा आश्रमशाळेतलं काहीतरी सांगत होती, सुकऱ्या नावाचा एक मुलगा एका बैठकीत अकरा भाकऱ्या कसा खायचा ते. बोलता बोलता ती थांबली आणि तिने झटकन बटण बंद केलं.

"विझली. आवाज बदलला."

"कुठे? चालू आहे की," दक्षा म्हणाली. मग तिने खाली वाकून तव्याखाली पाहिलं. तिथे ज्योत नव्हती. खिडकीतून वारा आला होता. डोळे उघडे ठेवून उभ्या असलेल्या दक्षाला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

तिने रेग्युलेटर बंद केला. खिडकी पूर्ण उघडली.  मग दक्षा म्हणाली, "मी घरात नसताना रेग्युलेटर बंदच राहील. निलम घरात असताना तू एकटी पेटवायची नाहीस."

"बरं."

"आणि तेलात काही तळायचं नाही."

"बोंबील?"

"मी तळीन."

"तुला कुरकुरीत जमत नाहीत."

"मग मऊ खा," दक्षा म्हणाली आणि लायटर आईच्या हातात दिला.